सॅम्पल काचवालं, लॉट भंगारातला

प्लास्टिकचे थोडेच नग हवे असले की स्टीलचा मोल्ड, म्हणजे साचा, परवडत नाही. म्हणून अ‍ॅल्युमिनियमचा मोल्ड सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या मशीनवर) पटकन कापून दोन-तीन आठवड्यांत पार्ट हातात देणारे भोसरी-चाकण पट्ट्यात आता बरेच झालेत. त्यातले चांगलेही आहेत. आम्हाला भेटला तो निराळा.

काम साधं होतं. फवारणी पंपाच्या मोटरखाली बसणारा काळा ब्रॅकेट, ५०० नग, ३० टक्के काचेचे तंतू घातलेलं नायलॉन ६६ हे प्लास्टिक. मोल्डचे पूर्ण पैसे आगाऊ, हा त्याचा नियम. सॅम्पल झकास आलं: वजन ३४ ग्रॅम, दोन भोकांतलं ८० मिलिमीटर अंतर बरोब्बर. आम्ही मंजुरी दिली.

लॉट आला आणि बोल्ट बसेनात. भोकं अर्ध्या मिलिमीटरहून जास्त जवळ सरकलेली. फोन केला तर म्हणतो, "साहेब, नायलॉन आहे, पाणी पितं. त्यात पावसाळा!" नायलॉन पाणी पितं हे खरं, पण पाणी प्यायलं की ते फुगतं. आमचा पार्ट तर आकसला होता.

काच घातलेलं नायलॉन थंड होताना फार कमी आकसतं, साधं कितीतरी जास्त. मोल्ड तोच असून भोकं जवळ आली, म्हणजे दाणा (वितळवून मोल्डमध्ये भरतात ते प्लास्टिक) बदलला. पार्ट काट्यावर ठेवला तर साडेएकोणतीस ग्रॅम. काचवाल्याची घनता १.३६ च्या आसपास, साध्याची १.१४, म्हणजे वजन घटलं ते काच कमी म्हणूनच, आता शंका उरली कुठे? तरी तो मानेना, म्हणून लॅबमध्ये दोन्ही नमुने भट्टीत जाळून घेतले. प्लास्टिक जळून जातं, काच मागे राहते. सॅम्पलमध्ये ती ३० टक्क्यांच्या जवळ उरली, लॉटमध्ये जेमतेम ६. कुठलं तरी स्क्रॅप दळून घातलेलं, आणि काळ्या रंगात सगळं खपून जातं. काळा पार्ट मागवत असाल तर सॅम्पलचं वजन पीओवरच (खरेदीच्या ऑर्डरवर) लिहा, आणि काट्यावर लॉट तपासल्याशिवाय शेवटचा हप्ता सोडू नका. दाण्याच्या पोत्याचा लॉट नंबर आणि टेस्ट सर्टिफिकेटही मागा. खरा माल वापरणारा कुरकुरत नाही.

मग म्हटलं, आमचा मोल्ड द्या, दुसरीकडे काढतो. तेव्हा दुसरा डाव कळला. आमच्या पैशांत फक्त इन्सर्ट, म्हणजे पार्टचा आकार कोरलेला आतला तुकडा, कापला होता, बसवला होता त्याच्याच जुन्या बेसमध्ये, म्हणजे बाहेरच्या चौकटीत. ही पद्धत चुकीची नाही, स्वस्तही पडते, पण ती आधी सांगायची असते. बिलावर 'मोल्ड' हा शब्दच नव्हता. लिहिलं होतं 'डेव्हलपमेंट चार्जेस'. मोल्डचं बिल एचएसएन ८४८० (जीएसटीतला मोल्डचा कोड) खाली यायला हवं, म्हणजे वस्तू तुमची असल्याचा कागद हातात राहतो. मग ती डिलिव्हरी चलनावर (माल पाठवल्याच्या कागदावर) त्याच्याकडे खुशाल ठेवा. जीएसटीच्या कलम १४३ मधली, जॉबवर्कला पाठवलेला माल परत आणायची मुदत मोल्ड-डायला लागू नाही.

वकिलामार्फत नोटीस पाठवली. उत्तरात त्याने इन्सर्ट सांभाळल्याचं महिन्याचं भाडं मागितलंय, वर १८ टक्के जीएसटी.