टपावरचा बर्फ, फोमचा रेक आणि दोन हिवाळे

हा रेक घेऊन आता दोन हिवाळे झाले. दोन्ही मिळून जवळजवळ नऊ महिने आमची मोटरहोम, म्हणजे राहायची सोय असलेली गाडी, उघड्यावर उभी होती आणि तेवढ्यात टपावरचा बर्फ मी एकवीस वेळा काढला. प्रत्येक वेळची नोंद वहीत आहे. त्यामुळे आता जे लिहितोय ते पहिल्या आठवड्याच्या उत्साहातलं नाही.

आधी वस्तूबद्दल. दात नसलेलं दंताळं डोळ्यांसमोर आणा. दातांच्या जागी साठेक सेंटीमीटर रुंदीची घट्ट फोमची मुंडी आणि मागे तीन टप्प्यांत उघडणारा ॲल्युमिनियमचा दांडा. पूर्ण उघडला की सहा मीटरच्या आसपास जातो. फोममुळे टपाला ओरखडे पडत नाहीत, आणि हा दावा माझ्या अनुभवात शंभर टक्के खरा ठरला.

त्याआधीच्या हिवाळ्यात माझ्याकडे प्लास्टिकचं फावडं होतं. शिडी लावून टपावर चढायचो आणि बर्फ लोटायचो. बर्फाखाली काय कुठे आहे ते दिसत नाही. फावड्याची कड व्हेंटभोवतीच्या (व्हेंट म्हणजे टपावरची हवेची झडप) सीलंटमध्ये, म्हणजे फटी बुजवणाऱ्या लुकणात, घुसली आणि बोटभर तुकडा उचकटला. त्या वेळी कळलंही नाही. बर्फ वितळल्यावर आत छताला तळहाताएवढा तपकिरी डाग दिसला. बोटाने दाबला तर प्लाय मऊ लागला. ती दुरुस्ती आठवली की अजून वाईट वाटतं, कारण नुकसान बर्फाने केलं नव्हतं, मी केलं होतं. टपावर रबरी पडदा असो, फायबरग्लास असो की ॲल्युमिनियम, गळती बहुतेक वेळा सांध्यांतून आणि भोकांभोवतीच्या सीलंटमधूनच सुरू होते. तिथे धारदार काहीही नेऊ नका. निसरड्या टपावरून माणूस पडला तर काय होईल, हे तर सांगायलाच नको.

आता रेक कसा वापरायचा, कारण सोबतच्या कागदावर हे नव्हतं. असे रेक मुळात घरांच्या उतरत्या छपरांसाठी बनवलेले असतात. मोटरहोमचा टप सपाट असतो आणि तीन मीटर उंचीवर असतो. गाडीला खेटून जमिनीवरून ओढायला गेलं की दांडा टपाच्या काठावर टेकतो आणि मुंडी हवेत राहते. सगळा रेटा काठाच्या पट्टीवर येतो, आणि त्या पट्टीखालीच सर्वांत लांब सांधा असतो. पहिले दोन दिवस मी हेच करत होतो. मग चार-पाच मीटर मागे जाऊन, हात उंच धरून, पूर्ण लांबीचा दांडा वापरून पाहिला. जमतं, पण दहा मिनिटांत खांदे भरून येतात.

शेवटी रुंद फळीचा, चार पायांचा घोडा आणला. त्याची फळी जमिनीपासून एक मीटर वीस सेंटीमीटरवर आहे. त्यावर उभं राहिलं की हात टपाच्या जवळपास येतात, दांडा अर्धाच उघडावा लागतो आणि मुंडी टपावर नीट बसते. एका बाजूने अर्धी रुंदी, मग पलीकडे जाऊन उरलेली अर्धी. घोड्याखालचा बर्फ आधी जमिनीपर्यंत साफ करायचा, आणि खाली कुणीतरी उभं हवंच. माझी मुलगी असते. सरळ स्वतःकडे ओढलं तर ढिगारा अंगावर येतो, म्हणून तिरकं ओढायचं. "बाबा, आरसा!" ही तिची हाक मी आतापर्यंत किती वेळा ऐकली असेल. ओला बर्फ पडताना चांगला दणका देतो, आरसा आणि गाडीच्या बाजूला गुंडाळलेलं कापडी छत त्याखाली सापडू देऊ नका.

एक सोपी गोष्ट खूप उपयोगी पडली. बर्फ पडायच्या आधी टपावर काय कुठे आहे ते पाहून गाडीच्या दोन्ही अंगांना, खिडक्यांच्या वर, रंगीत चिकटपट्टीचे तुकडे लावले: व्हेंटच्या रेषेत लाल, एसीच्या रेषेत पिवळे, सोलर पॅनलच्या रेषेत निळे. वरचं काही दिसत नसलं तरी खालून कळतं की इथे हात हलका ठेवायचा. व्हेंटची प्लास्टिकची झाकणं काही वर्षं ऊन खाऊन कडक झालेली असतात आणि थंडीत आणखी ठिसूळ होतात.

आणि तळापर्यंत खरवडायचं नाही. शेवटचे तीन-चार सेंटीमीटर मी तसेच ठेवतो. त्याचं वजन नगण्य असतं, आणि मुंडी टपावर घासण्याऐवजी बर्फावरून फिरते. स्वच्छ टप बघायचा मोह होतो, तो आवरा.

काढायचा कधी? पहिल्या हिवाळ्यात मी पट्टी लावून उंची मोजायचो. उंची फसवते. ताजा कोरडा भुसभुशीत बर्फ घनमीटरला शंभर किलोच्या आसपास किंवा त्याहून हलका असतो. दबलेला, ओला बर्फ तीनशेच्या पुढे सहज जातो. आमचा टप सात मीटर लांब, दोन मीटर तीस रुंद, म्हणजे सोळा चौरस मीटर. त्यावर 30 सेंटीमीटर कोरडा बर्फ म्हणजे 480 किलो. तोच थर ओला असेल तर 1,440 किलो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात.

म्हणून आता मी वजन करतो. सरळ कडांचा, 16 सेंटीमीटर व्यासाचा स्टीलचा डबा घेतला. त्याच्या तोंडाचं क्षेत्रफळ चौरस मीटरच्या पन्नासाव्या भागाइतकं भरतं. गाडीशेजारी एक फळी आडवी ठेवलेली असते, तिच्यावर टपावर पडतो तसाच बर्फ साठतो. डबा उपडा करून फळीपर्यंत दाबायचा, खालून पत्रा सरकवायचा, उचलायचा आणि काट्यावर ठेवायचा. डब्याचं वजन वजा करून जेवढे ग्रॅम उरतील त्यांना वीसने भागलं की चौरस मीटरवर किती किलो ते कळतं. 600 ग्रॅम म्हणजे 30 किलो. 30 आले की मी रेक काढतो. हा आकडा माझ्या गाडीपुरता आणि मुद्दाम कमी धरलेला आहे. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत टपाची भारमर्यादा दिली असेल तर तीच पाळा. टपावरून मी थोडा आधी काढलेला असेल तर फळीवरचाही तेवढाच काढून टाकतो, नाहीतर हिशेब चुकतो.

दुसऱ्या हिवाळ्यातली एक रात्र विसरणार नाही. संध्याकाळी डब्याने 22 किलो दाखवले होते, म्हणून निश्चिंत झोपलो. रात्री बर्फाऐवजी पाऊस लागला. बर्फ पाणी स्पंजासारखं धरून ठेवतो, आणि एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक किलो. सकाळी फळीवर 41 किलो निघाले. बर्फाची उंची मात्र आदल्या दिवसापेक्षा कमी झाली होती. त्या दिवशी फोम बर्फात रुतत होता, एका ओढीत जेमतेम हातभर बर्फ सरकत होता, आणि पूर्ण टपाला अडीच तास लागले. तेव्हापासून पावसाचा अंदाज दिसला की 30 ची वाट पाहत नाही, आधीच काढतो. पाऊस झाल्यावर पुन्हा गोठलं तर रेक निरुपयोगी होतो. कडक थर फोमने निघत नाही आणि काढायचा प्रयत्नही करू नये. ठोकाठोक केली की बर्फाच्या आधी टप फुटेल.

वजनापेक्षाही मला धास्ती आहे ती वितळण्या-गोठण्याची. दिवसा पाणी सीलंटच्या बारीक चिरेत शिरतं, रात्री गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगतं, चीर रुंदावते, दुसऱ्या दिवशी आणखी पाणी. म्हणून उभ्या गाडीत हीटर लावून टपावरचा बर्फ वितळवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. खालचा थर वितळून काठाशी गोठतो आणि मागे पाणी तुंबतं. गरम पाणी ओतणंही तसंच वाईट, झाकणं तडकतात. मीठ धातू खातं. आम्ही गाडीचं एक टोक लाकडी ठोकळ्यांवर किंचित उंच ठेवतो, म्हणजे पाणी वाहून जातं. स्लाइड-आउट, म्हणजे गाडीच्या बाजूने बाहेर सरकणारा खोलीचा भाग, असेल तर तो आत घेऊनच गाडी उभी करा.

कव्हरही वापरून पाहिलं, त्याबद्दल थोडक्यात. हवा खेळती ठेवणारं कव्हर ओरखडे आणि घाण रोखतं, पण बर्फाचं वजन रोखत नाही. उलट त्यावर घड्या पडतात, घड्यांत बर्फ अडकतो आणि रेक तिथे अडखळतो. साधी ताडपत्री तर वाऱ्याने फडफडून रंग घासते आणि आत ओल कोंडते. उघड्यावर उभ्या गाडीला मी कव्हर न घालणंच पसंत करेन. पक्कं छप्पर मिळत असेल तर मात्र रेक, डबा, काटा यांतलं काहीच लागत नाही. सगळ्यांत चांगला उपाय तोच आहे.

रेकच्या तक्रारी आहेत. दांड्याची पिळून बसवायची कुलपं कडाक्याच्या थंडीत घसरतात. आता मी दांडा घरातच ठेवतो आणि कोरड्या फडक्याने पुसून मगच बाहेर नेतो, तेव्हापासून त्रास बराच कमी झाला. फोमच्या एका कडेला खाचा पडल्या आहेत. आणि दांडा धातूचा आहे, त्यामुळे वरून विजेची तार जात असेल तिथे हा रेक उघडूसुद्धा नका. आमची गाडी पूर्वी तारेजवळ उभी असायची, रेक घेतल्यावर पहिल्यांदा जागा बदलली.

सोलर पॅनलवरचा बर्फ फोमने अलगद निघतो, काचेला काही होत नाही. पॅनल झाकलेला राहिला तर बॅटरी हळूहळू उतरते, आणि उतरलेली लेड-ॲसिड बॅटरी भरलेलीपेक्षा फार लवकर गोठते, म्हणून टप पूर्ण करायला वेळ नसला तरी पॅनल मोकळा करतोच.

या वर्षी बर्फ गेल्यावर, कोरड्या दिवशी, टपावर प्लायची फळी टाकून गुडघ्यांवर सगळे सांधे तपासले. सीलंट एका ठिकाणीही उचकटलेलं नाही, आत डाग नाही. फोमची नवी पट्टी आणून ठेवली आहे. मुंडीला चार स्क्रू आहेत, ते सैल करून पाहिले. गंजलेले नाहीत.