क्लोजर भाषेचा रिव्ह्यू: सगळं भारी, फक्त यादी छापायला गेलं की डोकं फिरतंय

बेळगावच्या टिळकवाडीत बसून एका भुसारी दुकानाचं डिलिव्हरीचं काम क्लोजरमध्ये करतोय, म्हणजे रोज वापरून लिहितोय, यूट्यूब बघून नाही. रिच हिकीनं 2007 मध्ये काढलेली प्रोग्रॅमिंगची भाषा, जावावर चालते, कोड कमी लागतो, ते सगळं खरंच हाय.

आता त्रास सांगतो. ऑर्डरीतनं गावांची नावं काढून गाडीवाल्या मामांना व्हॉट्सॲप करायची, बस एवढंच. मॅप (यादीतल्या प्रत्येकावर एकच काम करणारं फंक्शन) लावला, आरईपीएलमध्ये (कोड टाकला की लगेच उत्तर छापणारी खिडकी) येळ्ळूर कडोली उचगाव हिंडलगा सगळं कंसात छान दिसतंय, तेच स्ट्रला (कशाचाही मजकूर करून देणारं फंक्शन) दिलं तर मेसेज गेला "क्लोजर डॉट लँग डॉट लेझीसेक ॲट" आणि पुढं कसलेतरी आकडे. मामा विचारतायत, हे गाव खानापूरकडं येतंय काय?

कारण असं की मॅप लगेच यादी देत नाही, मागितल्यावरच काढून देतो. आरईपीएल छापताना ती उलगडून छापतो, पण स्ट्र नुसता टूस्ट्रिंग (वस्तूचा मजकूर देणारं जावातलं फंक्शन) बोलावतो, आणि लेझीसेकला (मॅपनं दिलेल्या यादीचा क्लास, म्हणजे प्रकार) स्वतःचा टूस्ट्रिंगच नाही, मग जावाचा मूळचा चालतो, क्लासचं नाव, ॲट, हॅशकोड (आतल्या मालावरनं काढलेला आकडा). खरी गंमत तर पुढंच, तो हॅशकोड काढायला सगळी यादी उलगडावी लागतेच! काम पूर्ण करून घेतंय आणि दाखवत काहीच नाही. न संपणाऱ्या रेंजवर (आकड्यांच्या यादीवर) मॅप लावून स्ट्र करून बघा, बसा मग वाट बघत.

डूऑल लाव म्हणून सांगणारे लई भेटतात, त्यानं काय होत नाही, यादी उलगडते पण क्लास तोच राहतो. मॅपच्या जागी मॅपव्ही लावला तर व्हेक्टर (लगेच तयार होणारी यादी) मिळतो, तो चौकोनी कंसासकट नीट दिसतो. माणसाला वाचायला द्यायचं तर क्लोजर डॉट स्ट्रिंगमधला जॉइन, मध्ये स्वल्पविराम दिला की झालं. अप्लाय स्ट्र पण चालतो, फक्त येळ्ळूरकडोलीउचगाव असं चिकटून येतं. लॉगला मात्र पीआर-स्ट्रच, त्यात नावांभोवती अवतरण चिन्हं राहतात, त्यामुळं कुणी नावाच्या शेवटी स्पेस टाकून ठेवलीय ते लगेच कळतंय. आणि प्रिंट-लेंग्थ (यादीतलं किती छापायचं ती मर्यादा) 20 ठेवा पहिल्या दिवशीच, नाहीतर लांब यादीनं आरईपीएल अडकतो.

क्लोजरस्क्रिप्टमध्ये (ब्राउझरवर चालणारं क्लोजर) हाच स्ट्र यादी सरळ दाखवतो, म्हणून ब्राउझरवर चाललं ते सर्व्हरवर चालेल असं समजू नका.

हास्केल ह्या दुसऱ्या भाषेवाले म्हणतील आमचा शो (त्यांचं स्ट्रसारखं फंक्शन) बघा. यादी देतो बरोबर, पण देवनागरीचे आकडे करून टाकतो, य म्हणजे 2351, आता आमच्या बेळगावात पावतीवर कन्नड आणि मराठी दोन्ही लागतंय, तिथं हे कोण वाचणार? क्लोजरमध्ये दोन्ही लिप्या जशाच्या तशा येतात, त्यासाठी चार स्टार. पाचवा त्या स्ट्रनं घालवला.