साडेतीनशे जीएसएम सांगून नव्वदची पिशवी गळ्यात मारली

आधीच सांगते, मी अडाणी नाही. बारा वर्षं बचत गटाचे हिशेब लिहितेय, पै न् पै जुळवते. तरी 29,180 रुपये घालवून बसले. ‘एवढं कसं कळलं नाही’ हे ज्यांना म्हणायचंय त्यांनी मनातच म्हणावं. घरच्यांचं ऐकून कान किटलेत.

आमचं गाव सिंधुदुर्गात, समुद्रापासून चार किलोमीटरवर. परसात जेमतेम वीतभर माती, खाली जांभा. त्यामुळे कापडी ग्रो बॅगेत हळद लावायची ही गोष्ट पटली, आणि खरं तर अजूनही पटते. मुळं पिशवीच्या कडेला आली की हवेने आपोआप छाटली जातात, गोल गोल फिरत बसत नाहीत. पाणी साचत नाही. हे सगळं खरंच आहे. पिशव्या विकणारा तो माणूस खोटं कमी आणि खरं जास्त बोलत होता, म्हणून तर फसले.

एप्रिलमध्ये आला. नमुन्याची पिशवी जाड, घोंगडीसारखी, शिवलेले कान. साडेतीनशे जीएसएम, म्हणजे चौरस मीटर कापडाचं वजन साडेतीनशे ग्रॅम, असं सांगितलं. पिशवीमागे पाच किलो ओली हळद निघेल, 40 रुपये किलोने आम्हीच उचलू, म्हणाला. पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. 2019चं कडकनाथ कोंबड्यांच्या हमी खरेदीतल्या फसवणुकीचं प्रकरण मीही पेपरात वाचलं होतं आणि लोक कसे भुलतात म्हणून हसलेही होते.

दोनशे पिशव्या, 85 रुपयांप्रमाणे 17,000. बियाणं 40 किलो, 3,600. नोंदणी 1,180. वाहतूक 2,400. वर ‘हमी करारा’ची अनामत 5,000. यातले दहा हजार गटाचं कर्ज. क्यूआर स्कॅन केला तर कंपनीऐवजी कुणा बाईचं नाव आलं. ‘आमच्या अकाउंटंट मॅडम.’ मी पिन टाकला. नाव जुळत नसेल तर पिन टाकू नका, समोर देव उभा असला तरी!

पण खरी चूक ती नव्हे. मे महिन्यात माल आला त्या संध्याकाळची आहे. एक पिशवी उचलून ओटीवरच्या बल्बसमोर धरली तर पलीकडून माझी बोटं दिसली. पाचही. शेजारच्या काकी म्हणाल्या, “गो, ह्यां पावसात टिकाचां नाय.” मी लगेच फोन केला, म्हणजे शंका मला आली होती, हे लक्षात घ्या. तो शांतपणे म्हणाला, “ताई, मुळांना श्वास घ्यायला पातळच लागतं.” आणि मी फोन ठेवून हेच वाक्य काकींना ऐकवलं. पुढच्या आठवड्यात गटाच्या बैठकीतही ऐकवलं. माझ्या शब्दावर दोघींनी प्रत्येकी पन्नास पिशव्या घेतल्या. माझे पैसे गेले ते गेले, पण त्या दोघींसमोर मान वर करवत नाही.

जुलैत सलग चार दिवस पाऊस लागला आणि शिवणी उसवल्या. माती, शेणखत, कोकोपीट सगळं पागोळ्यांच्या पाण्याबरोबर गडग्यापर्यंत वाहत गेलं. कंद उघडे पडून कुजले. मग डोकं चाललं. दहा बाय दहा सेंटिमीटरचा तुकडा कापून सोनाराकडे नेला. त्या तुकड्याचं वजन ग्रॅममध्ये घ्यायचं, शंभराने गुणायचं, की जीएसएम. साडेतीन ग्रॅम भरायला हवं होतं. काटा 0.9 वर थांबला. म्हणजे बाजारहाटाची पिशवी! पैसे द्यायच्या आधी हा तुकडा कापा, नमुन्याचा नव्हे, आलेल्या मालाचा. आणि बिलावरचा जीएसटी नंबर मोजा. पंधरा अक्षरं लागतात, महाराष्ट्राचा असेल तर सुरुवात 27 ने. माझ्या बिलावर चौदाच होती.

तक्रारीची तऱ्हा ऐका. ठाण्यात पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी विचारलं, “माल मिळाला ना? मग हा दिवाणी मामला.” मी म्हटलं, चारशेवीस लागत नाही का? “ताई, नव्या कायद्यात ते आता 318 झालं,” असं ज्ञान मिळालं, पण अर्ज घेतला नाही. तिसऱ्या खेपेला घेतला, पोच द्यायला शिक्का सापडेना. शेतीच्या ऑफिसात म्हणाले, ही योजना आमची नाही. अहो, तुमची नाही हेच तर लेखी मागतेय! हेल्पलाइनच्या फोनवरच्या बाईंनी विचारलं, एवढ्या उशिरा का? पिशवी फाटायला पाऊस लागतो, बाई, आधी कसं सांगणार? रिक्षाला 640 रुपये गेले ते वेगळेच. तुमचं ऑनलाइन गेलं असेल तर त्याच तासाला 1930, म्हणजे सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, लावा, माझ्यासारखा पावसाळा बघत बसू नका. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी नाही, हे मला एकाही खुर्चीने सांगितलं नाही, लेकीने शोधलं. कागद जमवतेय.

त्या दोघींचे हप्ते सध्या मीच भरतेय. नवऱ्याला माहीत नाही.

माझा नंबर त्याने ब्लॉक केलाय. काल लेकीच्या फोनवर त्याचं स्टेटस दिसलं. त्याच पिशव्या, तसंच कुणाचं तरी अंगण. या वेळी आलं लावायचंय म्हणे.