कोथरूडमधलं वॉकर-कमोड चेअर भाड्याने देणारं दुकान : माझा अनुभव

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर वॉकर, कमोड चेअर विकत घेतली की नंतर ती माळ्यावर धूळ खात पडणार, म्हणून आमच्या भिशीतल्या बायकांनीच हे दुकान शोधलं, डिपॉझिटपण त्यांनीच भरलं, मी आपली नको गं नको गं करतेय पण माझं ऐकतंय कोण!

वस्तू चांगल्या आहेत. वॉकर ॲल्युमिनियमचा, फोल्डिंगचा, एकदम हलका. घेऊन आलेल्या मुलाने मला हात सरळ खाली सोडायला लावले आणि पायांची बटणं दाबून मूठ बरोब्बर मनगटापाशी येईल अशी उंची लावून दिली, म्हणजे धरल्यावर कोपर जरासं वाकलेलं राहतं आणि खांदे भरून येत नाहीत. हे त्याने न सांगता केलं, फुल मार्क. कमोड चेअरपण भक्कम, उठताना हातांवर जोर देता येतो.

पण एका पायाचं रबरी बूच पार झिजून गुळगुळीत झालेलं! बाथरूमच्या ओल्या फरशीवर काय झालं असतं विचार करा. मी म्हटलं जाऊदे, कशाला त्रास द्यायचा, तर शेजारची मैत्रीण पोळ्या लाटता लाटता फोन स्पीकरवर टाकून मालकाला अशी काही बोलली की संध्याकाळच्या आत चारही बुचं नवीन. लिफ्ट नसेल तर वर चढवायचे वेगळे पैसे घेतात, ते आधीच विचारा. आणि डिपॉझिटची पावती मागून घ्या, आपणहून देत नाहीत.