तालुक्याचा डीपी आलाय: नवे लेआउट पाडायचे की आहे त्या गावातच दोन मजले चढवायचे?

डीपीचा, म्हणजे गावाच्या विकास आराखड्याचा, मसुदा राजपत्रात आला की हरकती-सूचना द्यायला 30 दिवस मिळतात, आणि आपल्याकडे त्यातले निम्मे दिवस तर "आपलं वावर यलोमध्ये गेलं की ग्रीनमध्येच राह्यलं" हे पाहण्यातच जातात (यलो म्हणजे रहिवासी झोन, ग्रीन म्हणजे शेतीचा). पण भाऊ, हा नकाशा पुढच्या 20 वर्षांचा आहे, म्हणून कोणी पुढे केलेल्या कागदावर सही करायच्या आधी दोन्ही बाजू पाहून घ्या. काटोल-वरूड असो की आर्वी, दारव्हा, दर्यापूर, प्रश्न एकच आहे, आजूबाजूची वावरं रहिवासी झोनमध्ये घेऊन गाव पसरू द्यायचं का आहे त्या हद्दीतच घरं दाट करायची.

लेआउटची बाजू आधी सांगतो कारण लोकांचा जीव तिकडेच आहे, आणि उगाच नाही. 30 बाय 50 चा स्वतःचा प्लॉट, पुढे आंगण, ट्रॅक्टर उभा करायला जागा, भाव येईपर्यंत कापूस-तुरी ठेवायला एक खोली, म्हाताऱ्या मायबापाला जिना चढायची गरज नाही. मे महिन्यात 45 डिग्रीत वरच्या स्लॅबखाली झोपून पाहिलेला माणूस फ्लॅटचं नाव काढत नाही. शिवाय ज्या कास्तकाराची जमीन यलोत येते त्याच्या हातात एकदाच का होईना मोठा पैसा येतो, कर्ज फिटतं, पोरगी शिकते. हे खोटं म्हणता येत नाही.

आता खर्च पाहा. एका एकरात 43,560 चौरस फूट, त्यातून रस्ते वगळा, 0.4 हेक्टरच्या वर लेआउट असला तर 10 टक्के ओपन स्पेस सोडा, मग 1500 फुटाचे पंधरा-सोळा प्लॉट उरतात. रस्त्याच्या दोन्ही बाजूला घरं धरली तर एका घरामागे 15 फूट पाइपलाइन लागते. पण प्लॉट घेतात सगळे आणि घर बांधतो चारातला एखादा, बाकी नागपूर-पुण्याला नोकरीवाल्यांची गुंतवणूक, त्यात बाभळी नि गाजरगवत. मग तीच पाइप एका घरामागे 60 फूट पडते, नाली तेवढी, खांब तेवढे, घंटागाडीचं डिझेल तेवढं, आणि क वर्ग नगर परिषद म्हणजे 25 ते 40 हजार वस्तीचं गाव, तिथला घरपट्टीचा पैसा किती पुरणार हो. उलट त्याच प्लॉटवर तीन भावांनी एकेक मजला घेतला तर एका कुटुंबामागे 5 फूट. बांधकाम परवानगी लागतेच, पण त्याला जादा एफएसआय विकत घ्यावा लागत नाही. एफएसआय म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं ते माप, आणि 2020 च्या युडीसीपीआरमध्ये, म्हणजे राज्याच्या बांधकाम नियमावलीत, गावठाणाबाहेर मूळ एफएसआय 1.10 आहे, 1500 च्या प्लॉटवर 1650 फूट बांधकाम, म्हणजे 550 चे तीन मजले प्रीमियम (जादा बांधकामाची फी) न भरता बसतात. हे गणित लोकांना कोणी सांगतच नाही बाप्पा!

काळ्या मातीचंही तसंच. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, पाया खोल न्यावा लागतो नाहीतर दोन वर्षात भिंतीला तडे. आणि तिच्यात पाणी मुरत नाही, म्हणजे संडासच्या टाकीचा शोषखड्डा भरून वाहतो, भूमिगत गटार तर बहुतेक तालुक्याच्या गावांत नाहीच. पसरलेल्या वस्तीला गटार टाकायचं म्हटलं की खर्च पुन्हा त्याच लांबीवर येतो.

पण दाट करा म्हणणाऱ्यांनीही सगळं गोड सांगू नये. गटार नसलेल्या गावासाठी पाण्याचं माप दर माणशी रोज 70 लिटर धरतात, गटार असलं की 135. एका नळावर तीन कुटुंबं आली आणि टाकी तेवढीच राह्यली की सगळे नळाला टिल्लू पंप लावणार, शेवटच्या घराला हवा येणार. बोअरच्या भरवशावर तर राहूच नका, वरूड तालुक्यात संत्र्यासाठी उपसा होऊन होऊन भूजल अतिशोषित यादीत गेलं आहे. जुन्या गल्ल्यांत अग्निशमनची गाडी वळत नाही, तिथे मजले चढवणं म्हणजे जिवाशी खेळ. तीन घरांचा मैला एका घराच्या टाकीत सोडला तर काय होतं ते सांगायची गरज नाही.

म्हणून माझं मत दाटीकडे आहे, पण 9 मीटर आणि त्याच्यावरच्या रस्त्याला, तळ अधिक दोन मजल्यापर्यंत आणि पाण्याची टाकी आधी. ओलिताचं वावर, संत्र्याचे बगीचे यलोत घेऊच नये, आहेत ते लेआउट निम्मे तरी भरू द्या. ज्याची जमीन कोरडवाहू आणि गावाला लागून आहे त्याचा विचार वेगळा व्हावा, पण पाच किलोमीटरवरचं वावर फक्त हायवे जवळ आहे म्हणून रहिवासी करणं मला पटत नाही. डीपीत शाळा-बगिच्यासाठी राखून ठेवलेल्या जागांचं, म्हणजे आरक्षणाचंही पाहा, 10 वर्षात जागा ताब्यात घेतली नाही तर नगररचना कायद्याच्या (एमआरटीपी) कलम 127 ची नोटीस देऊन मालक ती सोडवून घेऊ शकतो, आणि जितकं गाव पसरेल तितकी आरक्षणं जास्त, पैसा मात्र तोच.

तुमचं मत माझ्या उलट असलं तरी हरकत द्याच, आणि "झोन बदला" एवढंच मोघम लिहू नका. सर्व्हे नंबर, रस्त्याची रुंदी, जवळच्या लेआउटमध्ये किती प्लॉट रिकामे ते मोजून लिहा, सोबत फोटो लावा, पोच घ्या आणि नियोजन समितीची सुनावणी लागली की स्वतः जा.