हिरव्या नऊवारीतल्या आजी आणि दुसरीच बोट

व्हिएतनाम टूरची एक जाहिरात सध्या व्हॉट्सॲपवर फिरतेय. बोटीचा पांढरा कठडा, मागे पाण्यातून सरळ वर आलेले डोंगर, आणि कठड्याला टेकून हातात चहाचा कप धरलेल्या हिरव्या नऊवारीतल्या आजी. खाली लिहिलंय, 'हालाँग बे, फाइव्ह स्टार क्रूझ, आमचे समाधानी प्रवासी'. त्या आजी म्हणजे माझ्या सासूबाई. ती बोट फाइव्ह स्टार नव्हती, आणि समाधानाचं म्हणाल तर सासूबाईंनी त्या रात्री भात-मेतकूट खाल्लं होतं, तेही घरून नेलेलं.

हा फोटो मीच त्या एजंटला पाठवला होता. बोटीवर पाय ठेवल्या ठेवल्या त्याचा मेसेज आला, 'ताई, आजींचा एक मस्त फोटो टाका ना.' मी टाकला. तोवर मला काहीच कळलेलं नव्हतं.

गोष्ट २०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीतली. मी शिक्षिका. त्या वर्षी २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान होतं, त्यामुळे इलेक्शन ड्यूटी आणि तिचं ट्रेनिंग सोडून मधले सात-आठ दिवस काय ते मोकळे. मी, नवरा, सासूबाई, वन्सं, त्यांचे यजमान आणि त्यांचा कॉलेजातला मुलगा असे सहा जण. विमान आणि हनोईतलं हॉटेल भाच्यानं बघितलं. क्रूझचं मी अंगावर घेतलं, कारण एका प्रवासाच्या ग्रुपवर पुण्याकडचा हा एजंट मला 'सापडला' होता. मराठीत बोलायचा, मेसेजला लगेच उत्तर द्यायचा. सासूबाईंचं वय विचारून म्हणाला, 'आजींना बोटीवर वरण-भात मिळेल, माझी जबाबदारी.' या एका वाक्यावर मी निम्मी विरघळले. तारीख पुढेमागे करता येणार नाही, हेही मीच त्याला आपण होऊन सांगून बसले.

हालाँगबद्दल थोडं सांगते, म्हणजे पुढचं समजेल. व्हिएतनामच्या उत्तरेला क्वांग निन्ह प्रांतात हा उपसागर आहे. चुनखडीची दीड हजाराहून जास्त बेटं आणि सुळके, बहुतेकांवर वस्ती नाही. १९९४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. पण 'हालाँग क्रूझ' म्हणून जे विकतात त्यात तीन वेगवेगळी पाणी येतात. एक मूळचा हालाँग, दुसरा ईशान्येकडचा बाय तू लाँग, आणि तिसरा कात बा बेटाला लागून असलेला लान हा. पहिल्यात गर्दी जास्त, बाकी दोन्हींत कमी. बोट कुठल्या धक्क्यावरून सुटते तेही वेगवेगळं. शिवाय 'दोन दिवस एक रात्र' हे वाचायला भरगच्च वाटतं. प्रत्यक्षात दुपारी बाराच्या सुमारास बोटीवर चढायचं आणि दुसऱ्या दिवशी अकराच्या आत सामान घेऊन खाली उतरायचं. चोवीस तासही भरत नाहीत. त्यामुळे बोट कुठली हाच सगळा सौदा असतो. आणि आम्हाला नेमकी तीच दुसरी मिळाली.

त्यानं सांगितलेला दर माणशी १६,५०० रुपये. बाल्कनीची केबिन, हनोईपासून ने-आण, कयाक म्हणजे वल्ह्यांची छोटी होडी, सगळं धरून. सहा जणांचे ९९,०००, त्यावर ५ टक्के जीएसटी, त्यावर ५ टक्के टीसीएस (एजंटनं आपल्याकडून घेऊन आपल्या पॅनवर सरकारात भरायचा कर, रिटर्नमध्ये तो वळता होतो), एकूण १,०९,१४७. टीसीएससाठी माझा पॅनही घेतला. खरं सांगते, हा कर बघून माझा विश्वास वाढला. लुबाडणारा माणूस कशाला कर लावेल? आगाऊ ४०,००० आणि उरलेले ६९,१४७ मी यूपीआयनं पाठवले, ते एका बाईच्या नावावरच्या खात्यात. विचारलं तर म्हणाला, 'ताई, करंट अकाउंटला लिमिटचा प्रॉब्लेम आहे, हे मिसेसचं आहे, एकच की.' माणशी ४,५०० रुपये व्हिसाचे वेगळे, 'गव्हर्नमेंट फी' म्हणून. व्हिएतनामचा एकदा प्रवेशाचा ई-व्हिसा २५ डॉलरला मिळतो, म्हणजे तेव्हाचे साधारण २,१००. सरकारी साइटच्या पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट व्हीएन' असतं आणि अर्ज घरी बसून भरता येतो. माणसानं स्वतःची फी घ्यावी, त्याबद्दल काही म्हणणं नाही. ती सरकारची म्हणून सांगू नये.

मग व्हाउचर आलं. बोटीचं नाव, लोगो, केबिनचा फोटो, वर एक आठ आकडी रेफरन्स नंबर. तो नंबर बोटीच्या कंपनीचा नसून ह्यानं स्वतः टाकलेला आहे, हे मला कळायचं कारण नव्हतं. पण एक खटकलं होतं. त्यानं आमचे पासपोर्ट व्हिसासाठी घेतले, बोटीसाठी घेतलेच नाहीत. मी म्हटलं, नावं कळवायची नाहीत का? तर म्हणे, 'तिथे गेल्यावर बघतात.' रात्रीच्या मुक्कामाच्या बोटीला प्रवाशांची नावं आणि पासपोर्टचे तपशील द्यावेच लागतात. ते मागत नाही, म्हणजे बुकिंगच झालेलं नसावं, ही शंका तेव्हाच यायला हवी होती.

९ नोव्हेंबरला सकाळी सव्वाआठला हनोईतल्या हॉटेलखाली गाडी आली. 'लिमोझिन व्हॅन' ठरली होती, आली ती साधी बस, आणि आत आधीच वीस-बावीस माणसं. वाटेत मोत्यांच्या दुकानात अर्धा तास थांबा. व्हाउचरवर बाय चायचं बंदर लिहिलं होतं, बस जाऊन थांबली तुआन चाऊला. गाईडला विचारलं तर तो हसून म्हणाला, 'सेम सेम.' मग एजंटला फोन. पहिल्या रिंगला उचलला. 'अहो ताई, यागी वादळ झालं ना सप्टेंबरमध्ये, तुमची बोट डॅमेज आहे. मी तुम्हाला अपग्रेड करून दिलंय!'

खोटं कसं बोलावं ते याच्याकडून शिकावं. यागी खरंच आलं होतं, ७ सप्टेंबरला, आणि त्या किनाऱ्यावर बोटी खरंच बुडाल्या होत्या. बातम्या मीही वाचल्या होत्या. मग मी काय भांडणार? उलट त्याचे आभार मानले, आणि तो फोटो पाठवला.

केबिन सगळ्यात खालच्या मजल्यावर, इंजिनाला लागून. बाल्कनीच्या जागी खिडकी, आणि खिडकीबाहेर बोटीचा बोळ. पडदा उघडला की जाणारा-येणारा आत डोकावणार. बाथरूममधल्या टॉवेलवर निळ्या दोऱ्यानं बोटीचं नाव भरलेलं होतं. ते व्हाउचरवरच्या बोटीचं नव्हतं, आणि आम्ही ज्या बोटीवर होतो तिचंही नव्हतं. कुठल्या तरी तिसऱ्याच बोटीचे टॉवेल! वन्संनी तो टॉवेल उलटा-सुलटा करून बघितला आणि शांतपणे घडी घालून ठेवला. बोलल्या काहीच नाहीत. त्या बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुपारी सुंग सोत गुहा आणि तितोप बेट झालं. गुहा प्रचंड आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तितोपचं नाव सोव्हिएत अंतराळवीर तितोव याच्यावरून पडलं. तो १९६२ मध्ये हो ची मिन्ह यांच्याबरोबर इथे आला होता, हे गाईडनं कौतुकानं सांगितलं. वरच्या चौथऱ्यापर्यंत चारशेच्या वर पायऱ्या, तेव्हा सासूबाई खाली वाळूतच बसल्या. कयाक घ्यायला गेलो तर वेगळे पैसे. रात्रीच्या जेवणात वरण-भात म्हणजे भात, उकडलेला कोबी आणि टोफू. टोफूवर माशाचा सॉस घातलेला. सासूबाईंनी वास घेतला आणि पिशवीतून मेतकुटाची डबी काढली.

जेवणानंतर मी गाईडजवळ जाऊन बसले. तेवीस-चोवीसचा पोरगा, त्याच्यावर चिडून उपयोग नव्हता. म्हटलं, आमचं बुकिंग दाखव. त्यानं खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. त्यावर माझ्या नवऱ्याचं अर्धवट लिहिलेलं नाव, पुढे '६ माणसं, २ व्हेज, कयाक नाही, खालची केबिन', आणि बुकिंगची तारीख ५ नोव्हेंबर. मी पूर्ण पैसे भरले होते २० ऑक्टोबरला. दर किती, विचारलं. तो जरा घुटमळला, मग मोबाईलवर आकडा टाइप करून माझ्यापुढे धरला. माणशी ८५ डॉलर. म्हणजे सात हजारांच्या थोडे वर. त्यातच बस आणि जेवण.

वादळानं बोट मोडल्यामुळे ऐनवेळी बदल झाला असता तर आधी केलेलं एक बुकिंग कुठेतरी असतं. ते नव्हतंच. दोन आठवडे पैसे वापरले, आणि चार दिवस आधी हनोईतल्या कुणाकडून तरी मिळेल ती स्वस्त जागा घेऊन टाकली.

मुक्कामाच्या बोटी रात्री ठरलेल्या जागी नांगर टाकतात, एकमेकींच्या जवळ. दहाच्या सुमारास भाचा वरच्या डेकवरून हाक मारत आला, 'मामी, वर चल.' शे-दोनशे मीटरवर तीन मजली बोट उभी होती, बाल्कन्यांत पिवळे दिवे, वर कुणीतरी गाणं म्हणत होतं, आणि अंगावर ठळक अक्षरांत तिचं नाव. व्हाउचरवरचंच. डॅमेज झालेली बोट ती हीच. भाच्यानं झूम करून फोटो काढला आणि एजंटला पाठवला. दोन निळ्या खुणा उमटल्या. उत्तर आलं तिसऱ्या दिवशी, 'बघतो ताई, टेन्शन घेऊ नका.'

तेव्हा वाटलं, फार तर पैसे गेले. पण २०२५ च्या जुलैमध्ये हालाँगमध्येच वादळात पर्यटकांची बोट उलटून तीसहून अधिक माणसं गेल्याची बातमी आली, आणि मी वाचता वाचता थांबले. जाण्याआधी मी साताऱ्याला भावाला व्हाउचर पाठवून ठेवलं होतं, 'काही झालं तर असू दे' म्हणून. त्यावर त्या दिव्यांच्या बोटीचं नाव होतं. काही झालं असतं तर बिचारा भलत्याच बोटीची चौकशी करत बसला असता. ती बोट तर सुखरूप आहे, म्हणून निर्धास्तही झाला असता.

परत आल्यावर महिनाभर फोनाफोनी केली. शेवटी त्यानं १२,००० परत केले, 'आपल्या माणसांसाठी' म्हणून. वन्संचे पैसे मी माझ्याकडून देऊ केले, त्यांनी घेतले नाहीत. तो विषय आमच्या घरात अजून अवघड आहे.

खरी गंमत पुढच्या वर्षी रिटर्न भरताना. मी सीएला म्हटलं, माझा टीसीएस कापलाय, तो वळता करा. त्यांनी २६एएस, म्हणजे पॅनवर जमा झालेल्या कराचा सरकारी उतारा, उघडून दाखवला. माझ्या नावावर टीसीएसची एकही नोंद नाही. मग त्याच्या बिलावरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून बघितला. हे कुणालाही फुकट करता येतं, दोन मिनिटं लागतात, आणि मी ते आठ महिन्यांनी केलं. नंबर दुसऱ्याच शहरातल्या एका दुकानाचा निघाला. म्हणजे ज्या करामुळे मी त्याला प्रामाणिक समजले, तो करसुद्धा त्यानंच खाल्ला होता.

सायबर फसवणुकीच्या १९३० या सरकारी हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पण ती हेल्पलाइन खरी उपयोगी पडते ती पैसे गेल्या गेल्या फोन केला तर. मग जिल्हा ग्राहक आयोगाकडे ऑनलाइन तक्रार दाखल केली. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि मुदत दोन वर्षांची. व्हाउचर, यूपीआयच्या पावत्या, दिव्यांच्या बोटीचा फोटो, गाईडच्या कागदाचा फोटो (हा काढायची अक्कल भाच्याला सुचली), सगळं जोडलंय. तारीख पडायचीय.

कुणी हालाँगला निघालं असेल तर एजंट मराठी असो, हनोईचा असो नाही तर सख्खा मावसभाऊ असो, पैसे देण्याआधी बोटीच्या कंपनीला स्वतः ईमेल करा. पासपोर्टवरची नावं लिहा आणि विचारा, या तारखेला या नावांचं बुकिंग आहे का, केबिन कुठली, धक्का कुठला. मी गेल्या महिन्यात एका मैत्रिणीसाठी असा ईमेल पाठवून बघितला, एका दिवसात उत्तर आलं. आणि जमलं तर पैसे क्रेडिट कार्डानं द्या, कार्डाच्या बँकेकडे निदान दाद मागता येते.

जाहिरातीतला फोटो काढून टाक, असं मी त्याला तीनदा लिहिलं. तिसऱ्यांदा वकिलाचं नाव घातलं. परवा वन्संनी नवी जाहिरात पुढे पाठवली, फेब्रुवारीच्या बॅचची. फोटो तोच आहे, फक्त सासूबाईंचा चेहरा कापलाय. चहाचा कप, हिरवा पदर आणि मागचे डोंगर तेवढे ठेवलेत.