कोरल, इलस्ट्रेटर की इंकस्केप? फक्त अलाइनमेंटपुरतं बोलू

ही तिन्ही रेखाटन आणि मांडणीची सॉफ्टवेअर. अलाइनमेंट म्हणजे त्यांतले ऑब्जेक्ट (आकार किंवा मजकूर) एका रेषेत जुळवणं. त्यातल्या बिनचूकपणात तिघांत डावं-उजवं करण्यासारखं काही नाही. खरा फरक दोनच गोष्टींत: जागेवर कोण राहणार आणि कड कुठली धरायची.

कोरलड्रॉमध्ये शिफ्ट धरून एकेक ऑब्जेक्ट निवडला की शेवटचा जागचा हलत नाही, बाकीचे त्याच्याकडे सरकतात. डाव्या कडेसाठी 'एल', उजवीसाठी 'आर', थेट पानाच्या मधोमध न्यायचं तर 'पी'. पॅनल उघडायलाही लागत नाही. या वेगापुढे बाकीचे दोघे मागेच.

इलस्ट्रेटरमध्ये सगळं निवडून झालं की हव्या त्या ऑब्जेक्टवर शिफ्टशिवाय पुन्हा क्लिक करायचं. तो 'की ऑब्जेक्ट', म्हणजे जागेवर राहणारा. मग डिस्ट्रिब्यूट स्पेसिंगमध्ये (समान अंतराचा पर्याय) ५ मिमी टाका, मधलं अंतर तेवढंच पडतं. आयकॉनच्या रांगांना हे फार सोयीचं. मात्र सॉफ्टवेअर सबस्क्रिप्शनवरच मिळतं.

इंकस्केप फुकट, आणि 'कोणाच्या संदर्भाने' याची यादी लांबलचक: पहिला निवडलेला, शेवटचा, सर्वांत मोठा, सर्वांत लहान, पान. २०२२ च्या १.२ आवृत्तीपासून ओढता ओढताच शेजारच्या ऑब्जेक्टशी स्नॅप होतं, म्हणजे आपोआप जुळून बसतं.

आता कडेचं. एका चौकोनाला ४ मिमी जाड स्ट्रोक (बाह्यरेषा), दुसऱ्याला काहीच नाही. डावीकडे अलाइन केलं की इलस्ट्रेटरमध्ये जाड चौकोन २ मिमी बाहेर डोकावतो, कारण 'यूज प्रिव्ह्यू बाउंड्स' (स्ट्रोक धरून मोजण्याचा पर्याय) मुळात बंद असतं. इंकस्केप उलट, स्ट्रोक धरूनच मोजतं. नको असेल तर प्रेफरन्सेसमध्ये जिऑमेट्रिक बाउंडिंग बॉक्स (स्ट्रोक सोडून मोजलेली चौकट) निवडा.

मराठी मजकुराचं काम असेल तर हे आधी तपासा. 'मका' आणि 'किंमत' हे शब्द एकाच फाँटात, एकाच मापात घेऊन अक्षरांच्या कडांवरून मध्य जुळवला, की वेलांटी-अनुस्वारामुळे शिरोरेषा खालीवर होते. बेसलाइनवर (अक्षरं खाली टेकतात ती रेषा) जुळवलं तर सरळ राहते. इंकस्केपमध्ये त्यासाठी वेगळं बटण आहे, कोरलच्या डॉकरमध्ये (बाजूच्या पॅनलमध्ये) पहिल्या ओळीच्या बेसलाइनचा पर्याय. इलस्ट्रेटरमध्ये 'ग्लिफ बाउंड्स' (अक्षरांच्या प्रत्यक्ष कडा धरणं) बंद ठेवून खालची कड जुळवली तरी भागतं.

तुमचा प्रेसवाला सीडीआर (कोरलची स्वतःची) फाइलच मागत असेल, तर कोरल घ्या. इंकस्केप त्या फॉरमॅटमध्ये सेव्हच करत नाही. पीडीएफ चालत असेल, तर शिकायला इंकस्केपपासूनच सुरुवात करा. इलस्ट्रेटरचे पैसे आयकॉन किंवा ॲपचं काम हाती आल्यावरच.